ग्रुप फुकटचा असेल, माणसं फुकटची नाहीत



पिरंगुटच्या आमच्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ते मॅपिंगवाले, विकिपीडियावाले, खड्ड्यांची यादी करणारे, असे फुकट काम करणारे ग्रुप असतात ना, त्यात गेलं तर धंद्याला फायदा होतो का?" पूर्वी मी फटकन म्हणायचे, हो, जा की, नेटवर्क वाढतं. आता उत्तर द्यायच्या आधी जरा थांबते. फायदा होतो, खोटं कशाला बोलू. पण त्या फायद्याच्या नादात मी स्वतः एक घोळ करून बसले होते. आणि त्याच ग्रुपमध्ये नंतर जे झालं ते माझ्या घोळापेक्षा मोठं होतं. व्हिडिओत हे सगळं सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. सिव्हिक टेक हा शब्द जड वाटतो. पण काम साधं आहे. लोकांच्या उपयोगाची माहिती किंवा एखादी ऑनलाइन सोय काही लोक स्वतःच्या वेळात, पगार न घेता तयार करतात. कोविडमध्ये राज्यवार आणि जिल्हावार आकडे बघायला आपण कोविड१९इंडिया ही साइट उघडायचो, आठवतंय? ती मार्च २०२० मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केली आणि आधी जाहीर करून ३१ ऑक्टोबर २०२१ ला थांबवली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून असाच चाललाय. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला, तो पण असाच. कोणीही त्यात भर घालू शकतं आणि कितीतरी ॲप तो डेटा वापरतात. आपल्याला फक्त माहीत नसतं.

आमचा ग्रुप या नकाशाचा. कारण घरचंच होतं. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे रॅम्प सुरू झाले. त्यानंतर कित्येक दिवस माझे पुठ्ठ्याचे बॉक्स घेऊन येणारा टेम्पोवाला बावधनला एक चक्कर मारूनच भूगावकडे यायचा. वरून मलाच फोन, "ताई, मोबाईल डावीकडे म्हणतोय आणि डावीकडे तर भिंत आहे." हे झालं शहराच्या तोंडाशी. पौडच्या पुढे कोळवण खोऱ्यात किंवा धरणाच्या पलीकडे जा. काही वाड्या नकाशात नाहीत, काही आहेत पण भलत्याच नावाने. हिंजवडी आपल्याच तालुक्यात, तिथे बसून लोक जगासाठी सॉफ्टवेअर लिहितात, आणि त्याच तालुक्यात ताम्हिणीच्या बाजूच्या पाड्यावर कुरिअर पोचत नाही. तर अशा चिडचिडीतून वीसेक लोक जमले. हिंजवडीतले काही इंजिनिअर, तीन-चार कॉलेजची मुलं-मुली, एक निवृत्त गुरुजी, ग्रामपंचायतीत संगणकावर काम करणारा एक मुलगा, आणि मी, पॅकेजिंग मटेरियलची दुकानदारीण. रविवारी सकाळी भेटायचं, एखादी वाडी धरायची. रस्ते, शाळा, उपकेंद्र, पावसात पाण्याखाली जाणारे फरशी पूल, सगळं नकाशावर टाकायचं.

आता माझा घोळ.

तिसऱ्या महिन्यात दिवाळी आली. दिवाळीला माझ्याकडे मिठाईच्या बॉक्सचा सीझन, आणि त्याच वेळी मी पॅकेजिंगचा दोन दिवसांचा कोर्स काढला होता. ग्रुपची एक शीट होती. त्यात सगळ्यांची नावं, फोन नंबर, गाव, कुठला रविवार जमतो वगैरे. मी त्यातले एकोणीस नंबर उचलले, ब्रॉडकास्ट लिस्ट केली आणि ऑफर पाठवली. 'आपल्या ग्रुपमधल्यांसाठी खास २० टक्के सूट.' मला वाटलं मी त्यांचं भलंच करतेय! दोन ऑर्डरही आल्या.

संध्याकाळी गुरुजींचा फोन. ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही त्यांनी. फोनवर शांतपणे विचारलं, "ताई, ही यादी आपण कशासाठी केली होती?"

मी म्हटलं, "गुरुजी, ओळखीचेच आहेत की सगळे."

"ओळखीचे आहेत म्हणून तर नाही म्हणायला लाजतील ना. त्या कॉलेजच्या पोरींनी नंबर नकाशाच्या कामाला दिलाय. उद्या दुसरा कोणी हीच यादी उचलेल, मग तुम्ही त्याला काय सांगणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ब्रॉडकास्ट लिस्ट काढून टाकली, ग्रुपवर माफी मागितली, आणि ज्या दोघांनी ऑर्डर दिली होती त्यांना वेगळं विचारलं की तुम्हाला खरंच हवं होतं की मी मागितलं म्हणून दिलं. एक जण म्हणाला, खरं सांगू का, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुमच्यापैकी जे लोक अशा ग्रुपमध्ये 'लीड' शोधायला जातात त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. ती विक्री नव्हती, ती भीड होती. भिडेवर मिळालेला ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही.

आणि हा फक्त सभ्यतेचा मुद्दा नाही हां. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा गाभा असा की माणसाने ज्या कामासाठी माहिती दिली, त्याच कामासाठी ती वापरायची. दुकानात बिलासाठी घेतलेला नंबर, क्लासच्या फॉर्मवरचा नंबर, सोसायटीच्या ग्रुपमधून उचललेला नंबर. आपण छोटे व्यावसायिक या बाबतीत फार सैल आहोत. मीही होते. बीबीएला डेटाबेस मार्केटिंग शिकवलं होतं मला, पण यादी कोणाची हा प्रश्न परीक्षेला कधी आलाच नाही.

माझं प्रकरण तिथे मिटलं, कारण गुरुजींनी ते नीट हाताळलं. सगळ्यांसमोर वाभाडे काढले असते तर मी अपमान गिळून निघून गेले असते, वर बाहेर चार जणांना सांगितलं असतं की ग्रुप फालतू आहे. पुढचं प्रकरण मात्र असं मिटलं नाही. तिथे सगळ्यांसमोरच झालं, आणि आम्ही सगळे बघत बसलो.

कॉलेजच्या मुलींपैकी एक कोळवण खोऱ्यातली. एस.वाय.ला होती. दोन रविवारात तिने तीन वाड्या चालून नकाशावर टाकल्या. आम्ही उपग्रहाच्या फोटोवर डोळे ताणून बसायचो, ही पोर घरचाच रस्ता काढत असल्यासारखी काढायची. कुठला फरशी पूल जुलैत बुडतो हे तिला फोटोत शोधावं लागत नव्हतं. एका वाडीचं नाव तिने तिथले लोक म्हणतात तसं लिहिलं. (वाडीचं नाव इथे देत नाही, कारण मग मुलगी ओळखू येईल.) आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात हुशार इंजिनिअरने ते बदलून सरकारी यादीतलं नाव टाकलं. तिने परत आपलं टाकलं. त्याने परत बदललं. आणि मग ग्रुपवर लिहिलं, "आधी उत्तर दिशा कुठे असते ते शिकून ये, मग एडिट कर." तिने पहिल्या आठवड्यात एक रस्ता उलटा काढला होता, त्यावरून तो टोमणा.

सात जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. त्यात एक माझा होता. हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

गंमत बघा, नियमाप्रमाणे ती बरोबर होती. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जुनी रीत आहे की जमिनीवर जे आहे ते नकाशात यावं. तिथली पाटी काय म्हणते, तिथली माणसं काय म्हणतात, ते मुख्य नाव. सरकारी यादीतलं वेगळं असेल तर त्याला अधिकृत नाव म्हणून वेगळा रकाना आहे. मतभेद झाला तर त्या बदलाखाली टिपणी लिहून बोलायचं, अगदीच पेटलं तर वाद सोडवायला त्यांचा डेटा वर्किंग ग्रुप आहे. म्हणजे वाद मिटवायची सगळी सोय होती. पण ती मुलगी पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग ग्रुपमधून बाहेर पडली, काही न लिहिता. फक्त ती करड्या अक्षरातली ओळ.

आम्ही काय केलं? काहीच नाही. महिनाभर आम्ही म्हणत होतो की परीक्षा असेल.

इथे जरा दुकानात या माझ्याबरोबर. माझ्याकडे काउंटरला एक मुलगा होता. सगळ्या साइजचे भाव तोंडपाठ, हिशोबाला पक्का, गिऱ्हाईक खूश. पण पॅकिंगला बसणाऱ्या मुलींशी असं बोलायचा की ऐकवत नाही. दीड वर्षात तीन मुली सोडून गेल्या. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, हल्ली कोणाला काम नकोय. तिसरी गेली तेव्हा तिची आई दुकानात पगार न्यायला आली आणि म्हणाली, "पोरगी कामाला कंटाळत नव्हती हो." बाकी काही बोलली नाही. तुमच्याकडेही असा एक कामाचा माणूस असेल. त्याच्या कामाचा हिशोब आपण रोज करतो. त्याच्यामुळे जे गेले आणि जे आलेच नाहीत, त्यांचा हिशोब कुठल्या वहीत लिहिणार?

दुकानात निदान पगार असतो. माणूस टोमणा गिळतो कारण एक तारखेला हप्ता आहे. स्वयंसेवकाला कशाने बांधून ठेवणार? ना पगार, ना पीएफ, ना दिवाळीचा बोनस. त्याला मिळतं काय, तर चार लोक बरं बोलतात, काम केल्याचं समाधान होतं, शिकायला मिळतं. एवढाच त्याचा पगार. कोणी अपमान केला की तुम्ही त्याचा पगारच कापला. तो का थांबेल? म्हणून मला असं ठाम वाटतं की जिथे पैसे नाहीत तिथे वागण्याचे नियम दुकानापेक्षा कडक हवेत. लोक नेमकं उलटं समजतात. 'अहो, सेवाभावी काम आहे, त्यात कसले नियम?'

आमच्याही ग्रुपमध्ये हेच झालं. गुरुजींनी विषय काढला की त्या मुलीशी जे झालं त्याबद्दल बोललं पाहिजे, तर लगेच दोन तट पडले. एक म्हणे, तो जरा तोंडाळ आहे, पण मन साफ आहे, आणि त्याच्या स्क्रिप्टवर आपलं निम्मं काम चालतं. तो गेला तर? दुसरा म्हणे, काम चांगलं आहे ना, मग एवढं मनावर कशाला घ्यायचं.

चांगल्या कामासाठी वागण्यात किती सूट घ्यायची, हा वाद आपल्या मुळशीला नवा नाही बरं का. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह उभा राहिला. पुढे सेनापती बापटांनी रेल्वे अडवण्यापर्यंत मजल नेली आणि त्यासाठी सात वर्षांची शिक्षा भोगली. अहिंसेच्या चौकटीत काय बसतं आणि काय नाही, यावर त्या चळवळीत मतभेद झालेच होते. जमीन बुडत असताना, घर जात असताना ती माणसं हा प्रश्न विचारत होती. आणि आम्ही रविवारी चहा-वडापाव खाऊन नकाशा करणारे म्हणत होतो की एवढं काय त्यात!

शेवटी ठरलं की नियम लिहू. एका इंजिनिअरने दहा मिनिटांत एक तयार आचारसंहिता आणून चिकटवली. कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट नावाचा एक मसुदा २०१४ पासून आहे, हजारो सॉफ्टवेअर प्रकल्प तो वापरतात. चांगला आहे, पण होता इंग्रजीत, आणि आमच्यात कोणीही तो शेवटपर्यंत वाचला नाही. ग्रामपंचायतीतला मुलगा म्हणाला, "हे बँकेच्या फॉर्मसारखं आहे. टिक करायचं आणि सोडून द्यायचं." मग गुरुजी म्हणाले, आपल्यात काय काय घडलंय तेच लिहू, आपल्या भाषेत.

आणि लिहायला बसलो तेव्हा जे बाहेर आलं ते मला माहीतच नव्हतं. ग्रुपमधल्या दोघी जणींनी मला वेगळं सांगितलं की त्यांना एका सदस्याचे रात्री साडेअकराला मेसेज येतात. 'हाय', 'झोपलीस का', 'डीपी छान आहे.' नंबर कुठून मिळाला? त्याच शीटमधून. जिथून मी उचलले होते तिथूनच. गुरुजींचा फोन मला तेव्हा नव्याने कळला.

इथे एक माहिती सांगते, ती तुमच्या धंद्यालाही लागू आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्यात कर्मचारी या शब्दाच्या व्याख्येत पगार न घेणारी, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीसुद्धा येते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, साधारण तीन महिन्यांच्या आत, लेखी. म्हणजे 'माझ्याकडे चारच मुली आहेत, मला कुठे लागू' हे म्हणणं चुकीचं आहे. फक्त आमच्यासारख्या ग्रुपची अडचण अशी की ना नोंदणी, ना मालक. कायद्याने बोट धरायचं तर कोणाचं? म्हणून तिथे आपली आपण सोय आधीच करून ठेवावी लागते.

आमचं पान शेवटी एकाच कागदावर बसलं. चूक दाखवायची तर नकाशावरच्या टिपणीत किंवा फोन करून, ग्रुपवर माणसाचं नाव घेऊन नाही. रात्री नऊनंतर कोणाला वैयक्तिक मेसेज नाही, तातडीचं असेल तर ग्रुपवर लिहायचं. शीटमधला नंबर नकाशाशिवाय दुसऱ्या कुठल्याही कामाला नाही (ही ओळ मीच लिहिली). धंद्याची जाहिरात नाही, पण कोणी विचारलं तर मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. प्रत्येक पासवर्ड कमीत कमी दोघांकडे. तक्रार ऐकायला दोन माणसं, त्यात एक बाई, आणि तक्रार त्यांच्यापैकीच एकाविरुद्ध असेल तर दुसऱ्याकडे जायचं. शेवटची ओळ आम्ही बऱ्याच भांडणानंतर घातली. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं ऐकल्याशिवाय निर्णय नाही.

या शेवटच्या ओळीवर लोक नाक मुरडतात. म्हणतात, मग त्रास देणाऱ्याचीच बाजू घेताय. तसं नाहीये. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाकडे बघा. त्यांच्या विश्वस्त मंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभरच्या सगळ्या प्रकल्पांसाठी एक आचारसंहिता मंजूर केली. मराठी विकिपीडियालाही ती लागू आहे. पण ती अमलात कशी आणायची याचे नियम २०२२ मध्ये मतदानाला ठेवले, तेव्हा बाजूने मतं पडली साठ टक्क्यांपेक्षा थोडी कमी. बहुमत होतं, रेटून नेता आलं असतं. तरी त्यांनी हरकती वाचल्या. तक्रार करणाऱ्याची ओळख झाकायची, पण आरोप असलेल्याला आपल्यावर काय आरोप आहे ते कळणार की नाही, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. मजकूर दुरुस्त करून जानेवारी २०२३ मध्ये परत मतदान घेतलं, तेव्हा तीन चतुर्थांश लोक बाजूने आले. मला यातलं काय आवडलं सांगू? नियम लोकांच्या गळ्यात मारला नाही. जे बिनपगारी काम करतात त्यांना विचारून केला.

आम्ही तसं केलं नाही, आणि त्याची किंमत मोजली. रात्रीच्या मेसेजवाल्याला आम्ही सरळ काढलं. त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. त्याचं ऐकलं, त्याने 'मस्करी होती' म्हटलं, विषय संपला. पण त्या हुशार इंजिनिअरला आम्ही सांगितलं की दोन महिने थांब, आणि मुलीची माफी माग. तो म्हणाला, "मी जे लिहिलं त्यावर तुम्ही सगळे हसलात. नियम तुम्ही आता केलात आणि लावताय मागच्या तारखेने." त्याचं हे म्हणणं खरं होतं. मी मान्य केलं त्याच्यासमोर. आधीच कागद असता तर पहिल्या टोमण्यालाच गुरुजींसारखा एक फोन गेला असता आणि बहुतेक तो सुधारला असता. आम्ही सुरुवातीला आळस केला आणि शेवटी एकदम शिक्षा केली.

तरीसुद्धा मी थांब म्हणण्याच्याच बाजूने मत दिलं, आणि परत वेळ आली तरी तेच देईन. कारण नियम सगळ्यात आधी लागू झाला पाहिजे तो ज्याच्यावाचून काम अडतं त्याला. बिनकामाच्या माणसाला शिस्त लावायला हिंमत लागत नाही. तुमच्या दुकानात उशिरा आलं म्हणून नव्या पोराला झापणं सोपं आहे. भाव तोंडपाठ असलेल्याला बाजूला घेऊन 'हे चालणार नाही' म्हणताना पोटात गोळा येतो. तिथे नियम खरा आहे की भिंतीवरची पाटी, हे बाकीच्यांना कळतं. माझ्या काउंटरच्या मुलाला मी ते सांगायला दीड वर्ष लावलं. सांगितल्यावर तो महिनाभर रुसला, मग निवळला, आज माझ्याकडेच आहे. इंजिनिअर मात्र निघून गेला. जाताना स्क्रिप्टचा पासवर्ड त्याच्या एकट्याकडे होता. तीन आठवडे आमचं काम ठप्प. पासवर्ड दोघांकडे, ही ओळ तेव्हा कागदावर होती, पण प्रत्यक्षात कोणी केलंच नव्हतं. सांगा आता, हसावं का रडावं?

अशा कामात जायचं असेल तर दुकानदार म्हणून दोन गोष्टी नीट करा, एवढंच सांगेन. नकाशावर आपलं दुकान टाका की, त्याला कोणी नाही म्हणत नाही. नाव, वेळ, फोन, दिव्यांगांसाठी रॅम्प आहे का, इतकं टाका. 'पिरंगुटमधील सर्वोत्तम, एकदा भेट द्याच' हे तिथे लिहू नका, दुसरा कोणीतरी रविवारचा वेळ घालवून ते पुसत बसतो. आणि विकिपीडियावर स्वतःच्या धंद्याचं पान स्वतः बनवायला जाऊ नका, पैसे देऊन दुसऱ्याकडूनही नको. तिथे पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं उघड सांगितलंच पाहिजे, ही अट त्यांच्या वापराच्या अटींमध्ये २०१४ पासून आहे. माझ्याकडे कोर्सला आलेल्या एकाने एका एजंटला यासाठी चांगले पैसे मोजले होते. पान आठवडाभरही टिकलं नाही. एजंटचा फोन आता लागत नाही.

बाकी मग धंद्याला फायदा होतो का? माझा झाला. नंबर उचलून नाही झाला. नंतर वर्षभर मी रविवारी जात राहिले, चहाचे पैसे माझ्याकडे, छापील नकाशांच्या गुंडाळ्या करायला नळ्या माझ्या दुकानातून. त्यातून गुरुजींच्या ओळखीने एक बचत गट आला, त्यांचे तांदळाचे पुडे आता माझ्याकडून पॅक होतात. इंद्रायणी तांदूळ, एक किलो आणि पाच किलो. मी मागितलं नव्हतं.

त्या मुलीला मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, मी माझ्या इमोजीबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या ताई." आवाज चांगला होता, पण परत येते असं काही म्हणाली नाही, आणि मीही आग्रह केला नाही. तिच्या वाडीचं नाव आम्ही तिने लिहिलेलं परत लावलंय, सरकारी नाव दुसऱ्या रकान्यात. पण त्या वाडीच्या वरच्या अंगाला अजून दोन पाडे आहेत, तिसऱ्या रविवारी ती ते करणार होती. आमच्यापैकी कोणाला तिकडची वाट माहीत नाही. नकाशात तेवढा तुकडा अजून कोराच आहे.